मुक्तीच्या मळ्यातली भाकरी

मैत्रिणींनो, आगाऊ न कळवता चार पाहुणे आले तर आपली केवढी धांदल उडते! कणीक पुन्हा भिजवायची, आमटीत पाणी वाढवायचं, शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची. आता कल्पना करा, एका बाईच्या दारात काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली आल्या आहेत. सगळ्या दुष्काळातून आलेल्या, नुसते हाडांचे सापळे. काहींच्या पोटात अन्नही ठरत नाही. आणि तीन-चार वर्षांत हाच आकडा दोन हजारांच्या घरात जातो! ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई आणि हे दार म्हणजे केडगावचं मुक्ती सदन.

रमाबाई आपल्याला माहीत असतात त्या शाळेतल्या धड्यातून. संस्कृतच्या विदुषी, १८८२ साली आर्य महिला समाज काढणाऱ्या, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू करणाऱ्या आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या. पण या बाईंनी शेतजमीन विकत घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली आणि अनाथ मुलींच्या हातात खुरपं दिलं, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मला मात्र अनाथ मुलींमध्ये काम करताना त्यांच्या पांडित्यापेक्षा हे शेतच जास्त जवळचं वाटतं.

भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई लक्ष्मीबाई गेल्या. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर त्यांनी अर्धपोटी, कधी उपाशीपोटी देशभर पायपीट केली. म्हणूनच १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं, तेव्हा त्या पुण्यात नुसती हळहळ करत बसल्या नाहीत. स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या.

केडगावची जमीन त्यांनी त्याआधीच घेऊन ठेवली होती. त्यामागे अगदी घरातल्या बाईचा हिशेब होता. शारदा सदनाला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनची मदत होती, पण ती दहा वर्षांपुरती. ती थांबल्यावर काय? मग पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, केडगाव स्टेशनजवळ त्यांनी शंभर एकरांच्या आसपास माळरान घेतलं. तिथं संत्री, लिंबू, आंबा लावायचा आणि पुढे बागेच्या उत्पन्नावर संस्था चालवायची, असा बेत. आज दौंड तालुक्यात उसाचे मळे आणि गुऱ्हाळं दिसतात. त्या काळी मात्र हा अवर्षणाचा भाग. आधी विहीर, मग झाड, हाच क्रम होता.

तेवढ्यात १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. सरकारी निर्बंधांमुळे इतक्या मुली शहरात ठेवणं अशक्य झालं. तेव्हा हे शेतच कामाला आलं. आधी तंबू आणि छपऱ्या, मग पक्क्या इमारती. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर बघता बघता एक गावच वसलं. पुढे १९०० च्या मोठ्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्याकडूनही मुली आल्या. त्यांना आणायला रमाबाईंच्या मदतनीस गेल्या होत्या.

आता आपल्या स्वयंपाकघरातला हिशेब करून बघू या. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं, तर दोन हजार जणींना दिवसाला दहा क्विंटल लागणार. कोरडवाहू जमिनीत एकरी तीन-चार क्विंटल ज्वारी निघाली, तरी शंभर एकरांतून तीनशे-चारशे क्विंटल. म्हणजे जेमतेम सव्वा महिन्याची भाकरी! तेव्हा नुसत्या शेतावर एवढ्या जणी जगणं शक्यच नव्हतं. बाकीचा भार देशोदेशींच्या देणग्यांनी उचलला, हे मान्यच करायला हवं.

मग शेताचा उपयोग काय झाला? मला वाटतं, खरी गंमत इथंच आहे. शेतामुळे पानात भाजी, फळं आली, गुरं ठेवता आली, दूध मिळालं. आणि त्याहून मोठं म्हणजे, मुलींना काम मिळालं. ज्या मुलीला सगळ्यांनी 'खायला काळ' म्हणून टाकलं होतं, तीच आता दुसऱ्याच्या पानात काहीतरी वाढायला लागली. शेतीच्या जोडीला विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दुग्धालय, छापखाना असे उद्योग उभे राहिले. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर छापायचं कामही केडगावच्या बायकांनीच केलं. खिळे जुळवणाऱ्या त्या हातांपैकी कितीतरी हात एके काळी भिकेसाठी पसरलेले होते!

उत्तरेतही असंच एक उदाहरण आहे. सॅम हिगिनबॉटम १९०३ मध्ये मिशनरी म्हणून अलाहाबादला आले आणि कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. आसपासच्या खेड्यांतलं दारिद्र्य बघून त्यांना वाटलं, इथं व्याख्यानापेक्षा नांगराची गरज आहे. मग ते अमेरिकेत जाऊन शेतीशास्त्र शिकून आले. १९१० मध्ये यमुनेकाठी नैनी इथं त्यांनी सुरू केलेल्या संस्थेत तरुणांना सुधारलेली शेती शिकवली जाऊ लागली. देशातला कृषी अभियांत्रिकीचा पहिला पदवी अभ्यासक्रम १९४० च्या दशकात तिथंच निघाला. त्या संस्थेचं आज त्यांच्याच नावाचं विद्यापीठ झालं आहे.

हे सगळं वाचताना काही मैत्रिणींच्या मनात एक प्रश्न आला असेल. "हो, पण धर्मांतराचं काय?" प्रश्न रास्त आहे. १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात याच मुद्द्यावर वादळ उठलं आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. केडगाव तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. उपाशी मुलीला जिथं भाकरी मिळते तिथला देवही ती आपला मानणार. तिला निवड करायला वाव तरी कितीसा असणार? हा प्रश्न मला आजही टोचतो. पण त्याच्याच शेजारी दुसरा प्रश्न उभा राहतो. त्या रेल्वे स्टेशनांवर, अन्नछत्रांच्या बाहेर या मुली पडल्या होत्या, तेव्हा त्यांना घरात घ्यायला आपल्यापैकी कितीजण पुढे आले? पहिला प्रश्न विचारायचा, तर दुसऱ्याचं उत्तरही द्यायला हवं.

आता थोडं आजचं. आमच्या गावातल्या मुलींच्या बालगृहात मी गेली काही वर्षं जाते. वाढदिवस, पुण्यतिथी, सणवार असला की तिथं देणगीदारांची रीघ लागते. एकेका रविवारी तर दोन-दोन केक! मुली बिचाऱ्या खाऊन कंटाळतात. पण अठरा वर्षं पूर्ण झालेली मुलगी पेटी घेऊन बाहेर पडते, त्या दिवशी केक आणणारं कुणी नसतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारने अनाथांसाठी एक टक्का आरक्षणाचा निर्णयही घेतला. पण कागदावरची सवलत पदरात पडेपर्यंत रोजचं पोट कसं भरायचं?

म्हणून आम्ही बालगृहामागच्या दोन गुंठ्यांत मळा केला. एक निवृत्त कृषी सहायक दर शनिवारी येऊन शिकवतात. सुरुवातीला मुलींनी नाकं मुरडली. एक तर फणकाऱ्यानं म्हणाली, "काकू, मातीतच राबायचं होतं, तर शाळा कशाला शिकायची?" तिचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. मातीशी तिचं वैर असणं मला समजत होतं. मी म्हटलं, "अगं, तुझी आई दुसऱ्याच्या फडात राबली. तू स्वतःसाठी शिक." ती काही लगेच ऐकणारी नव्हती. पण कलम बांधायला शिकली, तिनं बांधलेली गुलाबाची कलमं संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून विकली गेली आणि त्याचे पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा झाले. पासबुकावरची ती नोंद तिनं तीनदा वाचली. या जूनमध्ये ती अठरा वर्षांची होईल. एका रोपवाटिकेच्या मालकीणबाईंशी बोलणं चालू आहे. राहायच्या जागेचं अजून ठरायचं आहे आणि त्या काळजीनं मला मधूनच जाग येते.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मुक्ती मिशनचं काम केडगावात आजही चालू आहे. शंभर एकर घेणं आपल्यातल्या कुणाला जमणार नाही, तसं कुणी सांगतही नाही. पण तुमच्या गावातल्या बालगृहात पुढच्या वेळी जाल, तेव्हा केकबरोबर एक चौकशी जरूर करा. यंदा इथून कोणती मुलगी बाहेर पडणार आहे? तिला काय येतं? ती कुठे राहणार आहे? शिलाईचं दुकान, रोपवाटिका, खानावळ, बेकरी, कुणा ना कुणाची ओळख आपल्या प्रत्येकीकडे असतेच. देणगीच्या पावतीपेक्षा ती ओळख त्या मुलीला जास्त दिवस पुरेल.