पोराचं वजन दिवसाला तीस ग्रॅम वाढलं तरी लई झालं! ग्राम बाल विकास केंद्रात नेमकं काय करतात?

नेसरी : अंगणवाडीत पोराच्या दंडाला पट्टी लावली आणि ती लाल रंगावर आली, म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी, की घरात रडारड सुरू होते. पण दवाखान्यात भरती करायची वेळ प्रत्येकावर येत नाही. पोरगं आवडीनं खातंय, ताप-जुलाब नाहीत, पायाला सूज नाही, तर दिवसभर अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात आणि रात्री घरी, असा उपचार चालतो.

तिथं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायला देतात. एकदम ताटभर का नाही? वाळलेल्या रोपाला एकदम युरिया ओतला तर काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. उपाशी शरीराचंही तसंच, रक्तातले क्षार बिघडून जीवावर बेतू शकतं.

आता पोट एवढंसं, मग ताकद कशी जायची? घट्ट पेज गिळवत नाही, पाणी घालून पातळ केली तर जोर जातो. त्यावर उपाय आपल्याच घरातला आहे. नाचणी किंवा गव्हाला मोड आणून, वाळवून, दळलेलं पीठ. उकळी थांबल्यावर गरम घट्ट पेजेत ते चमचाभर घातलं की पेज आपोआप पातळ होते. वाटी तेवढीच, पीठ जास्त. वरून तेल, गूळ.

हिशेब असा. सहा किलोच्या पोराचं वजन किलोमागं पाच ग्रॅमनं, म्हणजे रोज तीस ग्रॅम वाढलं, तर तीस दिवसांत नऊशे ग्रॅम होतात. मूळ वजनाच्या पंधरा टक्के. एवढी वाढ चांगली मानतात. म्हणून आज-उद्याच्या काट्यावर आईला बोल लावू नका, सासूबाईंनी तर नकोच.

दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहिला, किंवा पोरगं खायलाच तयार नसेल, तर मात्र अंगणवाडीत थांबू नका, थेट सरकारी रुग्णालय गाठा. सूज असलेल्या पोराचं वजन तिथं आधी उतरतं. ते अंगातलं पाणी जातंय, घाबरून घरी आणू नका.

खरी अडचण रात्रीची आणि ऊसतोडीची. केंद्रात कमावलेलं वजन फडावर महिन्यात जातं. गाव सोडताना सेविकेकडून वजनाची नोंद मागून घ्या आणि जिथं उतराल तिथल्या अंगणवाडीत दाखवा.