कोटीत एक

तराजूच्या एका पारड्यात साठ किलोचा माणूस बसवला आणि दुसऱ्यात सहा मिलिग्रॅम पांढरी पूड ठेवली, म्हणजे बारीक मिठाचे शंभरेक कण मोजून घेतले तर भरतील तेवढी, तर दोन्हींचं प्रमाण येतं कोटीत एक. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००४ साली कुमारिन या सुगंधी द्रव्याला नेमकी हीच मर्यादा घातली. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. एवढं रोज, जन्मभर पोटात गेलं तरी चालेल.

कुमारिनचा वास आपल्या ओळखीचा आहे, नाव मात्र नाही. कापून वाळत टाकलेल्या गवताचा गोडसर वास, त्यात थोडा व्हॅनिला, थोडा बदाम. १८२० साली ते दक्षिण अमेरिकेतल्या टोंका नावाच्या बियांतून वेगळं काढलं गेलं. १८६८ साली विल्यम पर्किनने ते प्रयोगशाळेत बनवलं. पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधणारा तो हाच. १८८२ साली पॅरिसच्या उबिगाँ या अत्तरवाल्यांनी 'फुजेर रोयाल'मध्ये ते वापरलं आणि तेव्हापासून साबण, पावडरी, दाढीनंतर लावायची लोशनं यांत त्याने घर केलं आहे.

आता आकडा किती फसवा असतो ते पाहा. एका मिलिग्रॅम कुमारिनमध्ये सुमारे ४१ हजार कोटी कोटी रेणू असतात. 'कोटी' दोनदा लिहिलंय, ती छपाईची चूक नाही. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांत हे एक मिलिग्रॅम सारखं वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ५१ कोटी रेणू येतील. कुणाला घाबरवायचं असेल तर रेणू मोजून दाखवावेत, निर्धास्त करायचं असेल तर 'फक्त ०.००१ टक्के' म्हणावं. दोन्ही वाक्यं खरी असतात आणि दोन्ही निरुपयोगी, कारण समोरच्या माणसाचं वजन त्यांत कुठेच नाही.

मर्यादेतला तो एक कोटीवा भाग आला कुठून? कुत्र्यांना दोन वर्षं कुमारिन देऊन पाहिलं, तेव्हा किलोमागे रोज १० मिलिग्रॅमपर्यंत यकृताला इजा दिसली नाही. त्या आकड्याला शंभराने भागलं. प्राण्यापासून माणसापर्यंत येताना दहा, आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहा. हा दुसरा दहा मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेकांच्या यकृतातलं एक विकर कुमारिनचं झटपट निरुपद्रवी रूप करतं आणि तासा-दीड तासात निम्मं निकालात निघतं. उंदराच्या यकृतात मुख्यतः वेगळी, घातक वाट धरली जाते, म्हणून उंदीर आपल्यापेक्षा लवकर आजारी पडतो. पण काही माणसांचं ते विकर मंद असतं, आणि ते आपल्यापैकी कोण, हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. लिंफेच्या सुजेवर औषध म्हणून कुमारिन मोठ्या मात्रेत दिलं गेलं तेव्हा मोजक्या रुग्णांच्या यकृताला इजा झाली आणि ऑस्ट्रेलियात ते औषध १९९० च्या दशकात मागे घ्यावं लागलं.

एक गैरसमज इथेच दूर करते. कुमारिनने रक्त पातळ होत नाही. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला गोड चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरत. तिथे बुरशीने कुमारिनपासून वेगळाच रेणू घडवला होता, आणि पुढे त्याच धाग्यावरून वॉर्फरिन आलं. नातं आहे, पण गुण वेगळे.

अमेरिकेने १९५४ साली खाद्यपदार्थात कुमारिन मिसळायला बंदी घातली. ही बंदी मिसळण्यावर आहे. तोच रेणू झाडाच्या सालीतून आला तर तो मसाला ठरतो, आणि तो आपल्या सगळ्यांच्या डब्यात आहे. दालचिनी.

खरं तर डब्यात दोनपैकी एक असते. एक खरी दालचिनी, श्रीलंकेची किंवा आपल्या कोकणातली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची जात काढली ती हीच. हिच्यात कुमारिन नाममात्र. दुसरी जाड सालीची, चीन-व्हिएतनाम-इंडोनेशियाकडची. आपल्या सरकारी मानकांत तिला 'तज' असं वेगळं नाव आहे, दुकानात मात्र तीही दालचिनीच. हिच्या किलोत सरासरी ३,००० मिलिग्रॅम कुमारिन धरतात, म्हणजे ग्रॅमला तीन. जर्मन संशोधकांनी इंडोनेशियातल्या पाच झाडांची साल तपासली. एका झाडात कुमारिन सापडलंच नाही. दुसरीकडे आकडा किलोला ९,९०० मिलिग्रॅमपर्यंत गेला.

सरासरी धरून हिशेब करू. साठ किलोच्या माणसाचे सहा मिलिग्रॅम दोन ग्रॅम पुडीत संपतात. चहाचा एक सपाट चमचा मी काट्यावर तोलला. अडीच ग्रॅम भरला. पुलावात घातलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा चार-पाच जणांत वाटला जातो आणि बहुधा ताटाच्या कडेला निघतो, गोड्या मसाल्यातही ती पळीमागे चिमूटभरच येते, म्हणून रोजच्या स्वयंपाकाची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती रोज सकाळी मधातून चमचाभर पूड घेणाऱ्यांची, आणि लहान मुलांची.

२०२० साली आयुष मंत्रालयाने सांगितलेल्या काढ्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक, अशी तीन ग्रॅम पूड होती. तिच्यात दालचिनी पाऊण ग्रॅमहून थोडी कमी. ती तज असेल आणि सगळं पाण्यात उतरलं असं धरलं, तर दोन मिलिग्रॅम कुमारिन. मोठ्या माणसाला हे मर्यादेच्या एक तृतीयांश. पण तोच पेला पंधरा किलोच्या मुलाला दिला तर त्याची मर्यादा दीड मिलिग्रॅम, आणि एका पेल्यात ती ओलांडली. घोट तेच, भागाकार वेगळा.

एखाद-दोन दिवसांनी काही बिघडत नाही. आठवडा-दोन आठवडे तिप्पट गेलं तरी चिंतेचं कारण नाही, असं त्याच युरोपीय तज्ज्ञांनी २००८ साली सांगितलं. प्रश्न महिनोन् महिन्यांच्या सवयीचा आहे. युरोपात सणासुदीच्या दालचिनी बिस्किटांना किलोला ५० मिलिग्रॅमची मुभा आहे आणि इतर केक-पावांना १५ चीच, त्यामुळे डेन्मार्कमध्ये २०१३ साली दालचिनीचा रोजचा गोल पाव कुठल्या रांगेत बसवायचा यावर मोठा वाद झाला. पन्नासच्या हिशेबाने पंधरा किलोच्या मुलाचा दिवसाचा वाटा ३० ग्रॅम बिस्किटांत पुरा होतो.

साबणाचा हिशेब याच्या मानाने सौम्य आहे. धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त कुमारिन असेल तर युरोपात ते वेष्टनावर लिहावं लागतं. शंभर ग्रॅमच्या वडीत दहा मिलिग्रॅम. ही अट यकृतासाठी नाही, कातडीवर पुरळ उठणाऱ्यांसाठी आहे. बाळाच्या अंगाला रोज चोळायचं सुगंधी क्रीम मात्र मी या हिशेबातून सोडणार नाही, कारण ते धुतलं जात नाही आणि कातडीतून कुमारिन आत शिरतं.

किराणा दुकानात साल हातात घेऊन पाहा. कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, बोटांनी चुरडली जाणारी सुरळी ही खरी दालचिनी. एकच जाड थर, कडक आणि गडद लाल, ती तज. दळून पूड झाली की ही ओळख पुसली जाते, म्हणून घरात पंधरा किलोचं कुणी असेल तर मी साल आणून घरी कुटते.