आबांची बुलेट आणि नातवाचा चॉपर

मे अखेरीस कोपरगाव-राहाता पट्ट्यातील एका वस्तीवर सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक ठेवले होते. वेळ सकाळी अकराची. ताडपत्री अंथरली, रायझोबियमची पाकिटे मांडली आणि माणसं मोजली तर तीन. बाकीचे कुठे आहेत म्हणून विचारलं, तर एक जण म्हणाले, "साहेब, सगळी पलीकडच्या गोठ्यात. आज आबांची बुलेट कापायचीय."

पाकिटे तशीच ठेवून मीही गोठ्यात गेलो. तिथे म्हैस बाहेर बांधून, शेण झाडून मध्ये बुलेट उभी केलेली. १९६८ सालची. आबांनी उसाच्या बिलातून घेतलेली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आबांचा नातू आय.टी.आय.चा वेल्डर. त्याने मुंडीजवळ खडूने रेघ ओढली होती आणि हातात ग्राइंडर धरून तो वायर लावायच्या बेतात होता. आबा बाजेवर बसून दुसरीकडे बघत होते.

"काय करतोस रे?" म्हटलं. तो म्हणाला, "चॉपर करतोय साहेब." आमच्या खात्यात चॉपर म्हणजे चारा कापायचं यंत्र. मी क्षणभर खूश झालो, म्हटलं पोरगं जनावरांचं बघतंय! मग त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. पुढचं चाक लांब पुढे गेलेलं, हँडल खांद्याइतकं उंच, सीट जमिनीला टेकेल अशी.

तेवढ्यात वस्तीवरची लाइट गेली. ती चारपर्यंत येणार नव्हती. म्हणून आम्हाला बोलायला वेळ मिळाला.

माझ्या मामांचं गॅरेज होतं. शाळेच्या सुट्ट्या तिथे रॉकेलमध्ये नट धुण्यात गेल्या, त्यामुळे या विषयात मला थोडं कळतं. हे चॉपरचं खूळ मूळचं अमेरिकेतलं. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेले सैनिक जुन्या गाड्यांचे मडगार्ड आणि नको ते जड सामान कापून गाडी हलकी करू लागले. पुढे फोर्क लांबत गेले. १९६९ च्या 'ईझी रायडर' चित्रपटामुळे या गाड्या जगभर माहीत झाल्या. त्यातल्या गाड्याही पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले-डेव्हिडसनपासून बनवल्या होत्या. म्हणजे मुळात हा मोडीतल्या गाडीचा धंदा आहे, आजोबांनी जपलेल्या गाडीचा नाही. हे मी मोठ्याने म्हणालो. बाजेवरची मान पहिल्यांदा आमच्याकडे वळली.

शेतकरी बंधूंनो, नांगराचं हाळीस आखूड-लांब बांधलं की फाळ खोल-उथळ जातो, हे तुम्हाला सांगायला नको. मोटारसायकलच्या मुंडीचं तसंच आहे. मुंडी उभ्या रेषेपासून किती कलली आहे, यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो. साध्या गाडीत हा कल साधारण २५ ते ३० अंश असतो, चॉपरमध्ये तो ४० च्या वरही नेतात. आम्ही गवंड्याचा ओळंबा मागवला. पुढच्या चाकाच्या आसातून ओळंबा सोडला आणि तो जमिनीला टेकला तिथे खूण केली. मग मुंडीच्या रेषेत सरळ काठी धरून ती जमिनीला मिळते तिथे दुसरी खूण केली. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. साध्या गाडीला ते तीन ते पाच इंच असतं. फार कमी झालं तर वेगात हँडल थरथरतं. फार वाढलं तर गाडी सरळ रस्त्यावर रेल्वेसारखी जाते, पण हळू वळवताना चाक आपोआप एका अंगाला पडतं आणि सावरता येत नाही. मुंडी कलवली की ट्रेल वाढतो, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने फोटो बघून रेघ ओढली होती.

दुसरा प्रश्न नळीचा. गोठ्याच्या कोपऱ्यात पाण्याच्या जीआय पाइपचे तुकडे ठेवले होते, तेच जोडायचा विचार होता. हे अजिबात करू नये. तो पाइप पाण्यासाठी आहे, माणसाचा जीव पेलायला नाही. शिवाय जस्ताचा मुलामा जळून निघणारा धूर पोटात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. फ्रेमला जाड भिंतीची सीमलेस नळी लागते, आणि जोडाच्या आत दुसरी नळी सरकवून मग वेल्डिंग करावं लागतं. जुन्या बुलेटच्या फ्रेमला पुढे एकच खालची नळी असते आणि इंजिन स्वतःच सांगाड्याचा भाग म्हणून भार घेतं, त्यामुळे तिथली चूक खपत नाही. पेट्रोलच्या टाकीला तर वेल्डिंगचा रॉड लावूच नये. टाकी रिकामी दिसली तरी आतल्या वाफेचा स्फोट होतो.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि इथे वस्तीवरचे सगळे गप्प झाले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आर.सी.वर नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चेसिस नंबर बहुधा मुंडीजवळच ठोकलेला असतो. खडूची रेघ त्याच्यापासून दोन बोटांवर होती.

उलट २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आधी नोंदणी झालेली असेल तर जुना नंबर कायम राहतो. ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला नेता येते. पण मोठी कापाकापी झालेली गाडी त्यात बसत नाही. म्हणजे त्या दिवशी लाइट असती तर पाच मिनिटांत हे सगळं गेलं असतं.

पोराचा चेहरा उतरला. त्याला नुसतं नाही म्हणणं मला बरं वाटेना. मी त्याला गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांची गोष्ट सांगितली. बैल परवडेनासे झाले तेव्हा त्यांनी १९९४ साली बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा जोड आणि औजारं लावायची दांडी बसवली. तिकडे तिला 'बुलेट सांती' म्हणतात. कोळपणी, पेरणी तिच्यावर होते. त्यांना २००५ साली अमेरिकेचं पेटंटही मिळालं. "मला शेती नाही करायची त्याच्यावर, मला चॉपरच पाहिजे," पोरगं म्हणालं. खरं बोललं. उपयोगाचंच सगळं करायचं असं थोडंच आहे.

मग तडजोड ठरली. त्याने भंगारातून मोडकी बुलेट घेतली, पावती करून आणि चोरीची नाही ना याची चौकशी करून. पडवीत दोन महिने काम चाललं. मुंडी ४० अंशांवर, फोर्कच्या नळ्या लेथवर लांब करून आणलेल्या. ती गाडी रस्त्यावर आणायची नाही, फक्त स्वतःच्या रानातल्या वाटेवर फिरवायची, असं आबांसमोर कबूल केलं. एकूण खर्च ६१,००० रुपये. या पैशात चांगली गाय आली असती, असं त्याचे वडील मला अजून ऐकवतात.

आता माझी चूक सांगतो. तयार गाडीचा ट्रेल मीच मोजला. सात इंचांच्या वर भरला. पोराच्या डोळ्यांतली घाई बघून मी "चालेल" म्हणालो. पहिल्याच दिवशी विहिरीजवळच्या वळणावर, माणूस चालतो त्या वेगात, हँडल एका अंगाला पडलं आणि गाडी त्याच्या खांद्यावर आली. हसळीचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. त्याची आई मला काही बोलली नाही. चहा मात्र त्या दिवशी मिळाला नाही.

हात सुटल्यावर त्याने मुंडी पुन्हा कापून ३३ अंशांवर आणली, फोर्क आखूड केले. या वेळी मोजमाप त्याने स्वतः तीनदा घेतलं आणि मला फक्त आकडा सांगितला. फोटोतल्यासारखी ती आता दिसत नाही, पण वळते. विहिरीपासून बांधापर्यंत आणि परत, एवढाच तिचा प्रवास.

आबांच्या बुलेटसाठी नमुना २० भरून दिला आहे. फोटोसाठी गाडी पुसून ठेवली. सीटचं कव्हर फाटलंय, ते नातू बदलू म्हणतो, आबा हात लावू देत नाहीत. बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक त्याच दिवशी, लाइट यायच्या आधी, गोठ्यातच उरकलं. चाळीस माणसं आयतीच जमली होती.