फिर्याद नोंदणीस नकार

फिर्याद नोंदणीस नकार : दखलपात्र अपराधाची खबर मिळूनही पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने ती विधिपूर्वक नोंदवून न घेणे. दखलपात्र अपराध म्हणजे ज्यात अधिपत्राशिवाय अटक करण्याचा अधिकार पोलिसांस असतो असा अपराध. त्याच्या नोंदलेल्या खबरीस प्रथम खबर किंवा प्रथम माहिती अहवाल म्हणतात. वऱ्हाडात तिला नुसते ‘रिपोर्ट’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. या नोंदीशिवाय तपासाचे चक्र रीतसर सुरू होत नाही. पंचनामा, वैद्यकीय तपासणी, जप्ती या गोष्टी लांबणीवर पडतात आणि पुढे खटल्यात त्याच विलंबावर बोट ठेवून फिर्याद बनावट असल्याचा बचाव घेतला जातो.

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ हिच्या १५४ व्या कलमातील तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या १७३ व्या कलमात आली. तोंडी खबर लिहून काढणे, ती खबर देणाऱ्यास वाचून दाखविणे, तिच्यावर त्याची सही घेणे व प्रत विनामूल्य देणे ही कर्तव्ये या कलमाने सांगितली आहेत. उत्तर प्रदेशातील एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार दुर्लक्षिली गेल्याने उद्‌भवलेल्या ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी असा निर्णय दिला, की खबरीवरून दखलपात्र अपराध उघड होत असेल, तर नोंद करणे बंधनकारक आहे. खबर खरी की खोटी, हा प्रश्न तपासाचा आहे. वैवाहिक तंटे, व्यापारी व्यवहार इ. थोड्या बाबींत प्राथमिक चौकशीस वाव ठेवण्यात आला. नव्या संहितेने तीन वर्षे वा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या अपराधांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत अशी चौकशी करण्याची मुभा दिली आहे. साधी चोरी या वर्गात मोडते.

नकार क्वचितच उघड असतो. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेस मध्य प्रदेश व पूर्वेस अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुका आहे. अशा सीमाभागात ‘घटना आमच्या हद्दीतील नाही’ हे उत्तर सोयीचे ठरते. तथापि कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. ती ‘शून्य’ क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवावयाची असते. संत्री वा कापूस उधारीवर नेऊन व्यापारी परागंदा झाल्यास ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगितले जाते. पैसे थकले एवढ्याने फसवणूक होत नाही, हे खरे. पण व्यवहाराच्या आरंभीच फसविण्याचा हेतू असल्याचे दिसत असेल, तर दिवाणी दाव्याची वाट मोकळी असल्यामुळे अपराध नाहीसा होत नाही. तिसरा व सर्वांत फसवा प्रकार अदखलपात्र नोंदीचा. हाताने केलेली साधी दुखापत अदखलपात्र असते, विळ्याने केलेली दखलपात्र. दुसरीची नोंद पहिलीसारखी केली, की फिर्यादीच्या हाती कागद येतो, परंतु दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. हाही नकारच होय.

ठाणेदाराने नकार दिल्यास खबरीचा गोषवारा लेखी व टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकाकडे पाठविता येतो. संग्रामपूरच्या रहिवाशास त्यासाठी बुलढाण्यास जाण्याची गरज नसते. नोंदणीकृत टपालाची पावती व पोच मात्र जपून ठेवणे आवश्यक, कारण पुढील पायरी तिच्यावर उभी राहते. अधीक्षकानेही काही न केल्यास १७५ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाखाली (जुने कलम १५६) दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. प्रियंका श्रीवास्तव खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने अशा अर्जास प्रतिज्ञापत्र जोडणे आवश्यक ठरविले. आता ती संहितेचीच अट आहे. दंडाधिकारी आवश्यक ती चौकशी करून व पोलीस अधिकाऱ्याचे म्हणणे विचारात घेऊन तपासाचा आदेश देतो. हा आदेश यांत्रिकपणे देता येत नाही, असे महाराष्ट्रातून गेलेल्या ओमप्रकाश आंबडकर खटल्यात (२०२५) स्पष्ट झाले आहे.

याहून वेगळा मार्ग खाजगी फिर्यादीचा (कलम २२३). यात दंडाधिकारी फिर्यादी व त्याचे साक्षीदार यांच्या शपथेवर जबान्या घेतो. नव्या संहितेप्रमाणे दखल घेण्यापूर्वी आरोपीसही म्हणणे मांडण्याची संधी मिळते. आरोपी व साक्षीदार माहीत असतील, तर हा मार्ग पुरेसा असतो. चोरीचा माल हुडकणे किंवा बँकेची खाती तपासणे आवश्यक असेल, तेथे तो लंगडा पडतो. कारण पुरावा गोळा करण्याचा भार फिर्यादीवरच राहतो.

उच्च न्यायालयात प्राधिलेखासाठी अर्ज (बुलढाणा जिल्ह्यासाठी नागपूर खंडपीठ) हा सर्वांत परिचित, पण बहुधा अवेळी योजिला जाणारा उपाय. साकिरी वसू (२००७) व नंतर महाराष्ट्रातील तांबे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधी दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगितले आहे.

नकार देणाऱ्या अधिकाऱ्यास काही बाबतींत शिक्षाही होऊ शकते. बलात्कार, आम्लहल्ला यांसारख्या अपराधांची खबर न नोंदविल्यास भारतीय न्याय संहितेच्या १९९ व्या कलमानुसार सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी व दंड आहे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ याच्या चौथ्या कलमाखाली त्या जातिजमातींबाहेरील लोकसेवकाने हेतुतः कर्तव्यात कसूर केल्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास आहे. मात्र त्यासाठी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते.