लिंबायतचा ‘लि’ आणि जगभरचे कारागीर

सुरतेच्या लिंबायत भागातला एखादा खानदेशी माणूस सकाळी अँड्रॉइड फोनवर निरोप टाकतो, ‘लिंबायतहून निघालो, मार्केटला पोचतो.’ पलीकडचा व्यापारी गुजरातीत उत्तर देतो. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नाही. पण त्या निरोपातला पहिलाच ‘लि’ नीट पाहिला, तर आपण चक्रावून जातो.

फोन अक्षरं साठवत नाही, क्रमांक साठवतो. ‘ल’चा क्रमांक २३५४, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. आपण आधी ‘ल’ दाबतो, मग वेलांटी. फोनच्या स्मृतीतही ती दोघं त्याच क्रमाने बसतात. पडद्यावर मात्र वेलांटी ‘ल’च्या डावीकडे जाऊन उभी राहते. ‘मार्केट’मध्ये तर याहून मोठी कसरत आहे. तिथे साठवलेला क्रम असा: म, काना, र, पाय मोडायचं चिन्ह, क, मात्रा, ट. त्यातला ‘र’ आपली जागा सोडतो, रफार होतो आणि मात्रेला धक्का न लावता ‘क’च्या डोक्यावर चढतो. पहिलीच्या मुलाला हे शिकायला महिने लागतात. फोन ते पापणी लवायच्या आत करतो, आणि निरोपातल्या प्रत्येक शब्दासाठी करतो.

हे काम हार्फबझ नावाचा एक प्रोग्रॅम करतो. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सगळ्यांच्या पोटात तो बसलेला आहे. त्याचा मुख्य शिल्पकार बेहदाद इस्फहबोद हा मूळचा इराणी अभियंता. त्याची मातृभाषा उजवीकडून डावीकडे लिहितात. तरीही आपला रफार कुठे बसवायचा, हे त्याच्या प्रोग्रॅमला पक्कं ठाऊक आहे.

आता गुजराती उत्तराकडे वळू. मराठी ‘क’चा क्रमांक २३२५, गुजराती ‘क’चा २७०९. फरक ३८४. मराठी ‘ख’ २३२६, गुजराती ‘ख’ २७१०. फरक पुन्हा ३८४. ‘ल’ घ्या, ‘ळ’ घ्या, वेलांटी घ्या, फरक तोच. हा योगायोग नाही. १९८०च्या दशकात भारतात ‘इस्की’ नावाचं मानक तयार झालं, तेव्हा आपल्या लिप्या एकाच आराखड्यावर मांडल्या गेल्या. पुढे युनिकोडने तोच आराखडा उचलला. सुरतेत शेजारी नांदणाऱ्या या दोन भाषा संगणकातही अशा समोरासमोर घरं करून राहिल्या आहेत.

आणि हार्फबझसाठी लिंबायतच्या माणसाकडून कुणी पैसा घेतलेला नाही. प्रोग्रॅमची मूळ संहिता, म्हणजे ज्याला सोर्स कोड म्हणतात ती, कुणालाही वाचायला, बदलायला आणि पुढे द्यायला मोकळी आहे. अशा सॉफ्टवेअरला मुक्त सॉफ्टवेअर किंवा ओपन सोर्स म्हणतात.

संहिता हातात असण्याने एवढा काय फरक पडतो, ते सुरतेच्या भाषेतच सांगता येईल. जेकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी उतरवणाऱ्या मागावर, विणलेली साडी तुम्ही विकत आणली, तर तुमच्या हाती साडी येते. ती नेसता येते, भेट देता येते, पण पदरावरचा मोर थोडा डावीकडे हवा असेल तर इलाज नाही. त्याच साडीची भोकं पाडलेली कार्डं तुमच्या हाती आली, तर मोर हलवता येईल, त्याच्या जागी कमळ घालता येईल, तुमच्या मागावर हव्या तितक्या साड्या विणता येतील. बाजारातलं बहुतेक सॉफ्टवेअर साडीसारखं विकलं जातं. मुक्त सॉफ्टवेअरवाले साडीबरोबर कार्डंही देतात.

हा विचार चळवळ म्हणून उभा केला अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना आणला. सगळी गंमत त्या परवान्यात आहे. कॉपीराइटचा कायदा एरवी ‘नक्कल करू नका’ असं सांगण्यासाठी वापरला जातो. स्टॉलमन यांनी तोच कायदा वापरून उलटी अट घातली: नक्कल करा, बदल करा, विकाही, पण पुढच्याला देताना संहिता आणि हेच हक्क त्यालाही द्या. एकदा मोकळी झालेली संहिता मग कुणाला कुलूपबंद करता येत नाही.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. तीच लिनक्स. पहिल्या आवृत्तीत सुमारे १० हजार ओळी होत्या. पुढच्याच वर्षी त्याने ती जीपीएलखाली आणली. आज लिनक्सच्या गाभ्यात तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर चालतात. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरमध्येही लिनक्स होतं. आणि लिंबायतच्या त्या अँड्रॉइड फोनचा पायाही लिनक्सचाच आहे.

सगळ्यांना दिसणाऱ्या संहितेत कुणी घातपात केला तर? तसं घडलेलंही आहे. २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फायली लहान करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवला. त्यासाठी त्याने बराच काळ सज्जन मदतनिसाचं सोंग घेतलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे खटकलं. त्याने माग काढला आणि २९ मार्चला सगळं जगजाहीर केलं. चोरदरवाजा जगभर पसरण्याआधीच सापडला. अर्ध्या सेकंदावरून संशय येणारा माणूस दुर्मीळच; पण संशय आल्यावर संहिता उघडून पाहायची सोय होती, म्हणून तो कामी आला.

हे सगळं भारतात पोचलं कसं, ही गोष्ट आपल्या सीमाभागाशी जोडलेली आहे. ते पोचवणाऱ्यांत अतुल चिटणीस पुढे होते. त्यांचा जन्म १९६२ मध्ये बर्लिनचा, अभियांत्रिकीचं शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमधलं आणि कर्मभूमी बंगळूर. इंटरनेट सामान्यांच्या घरी येण्याआधीच्या काळात त्यांनी बंगळुरात ‘सीआयएक्स’ नावाची बुलेटिन बोर्ड सेवा चालवली होती. टेलिफोनच्या तारेवरून संगणकाला संगणक जोडून लोकांनी एकमेकांशी बोलायचं, असा तो प्रकार. पुढे ‘पीसीक्वेस्ट’ या संगणकविषयक मासिकाचे ते सल्लागार संपादक झाले.

लिनक्स फुकट होतं, पण उतरवून घ्यायचं कसं? व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्या काळच्या ९.६ किलोबिट वेगाने ६५० एमबीची एक सीडी उतरवायची, तर हिशेबाने दीडशे तास लागतात. म्हणजे सहा दिवस आणि सहा रात्री, तेही फोन एकदाही न तुटता आणि घरच्या कुणीही रिसीव्हर न उचलता! तेव्हाचं फोनचं बिल कुणी भरलं असतं?

चिटणीस यांचा तोडगा साधा होता: इंटरनेट लोकांपर्यंत पोचत नसेल, पण मासिक पोचतं. १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’च्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाटली गेली. बुकस्टॉलवर अंक घेणाऱ्याच्या हाती अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम संहितेसकट पडली. पुढेही हा परिपाठ चालू राहिला, आणि भारतीय वाचकांसाठी जुळवून घेतलेलं ‘पीसीक्यू लिनक्स’ निघू लागलं. जीपीएलमुळे या वाटपाला कुणाची परवानगी लागत नव्हती. एका सीडीवरून मित्राने दुसरी करून घेतली तरी ती चोरी ठरत नव्हती. उलट तेच अपेक्षित होतं.

पण सीडी हाती आल्याने संगणकावर लिनक्स चढत नाही. मोडेम ओळखला जात नाही, पडदा काळा पडतो, आधीची विंडोज उडते. मग मदतीला येणारी माणसं लागतात. बंगळूर, मुंबई, पुणे अशा शहरांत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट उभे राहिले. रविवारी कुठल्यातरी कॉलेजात जमायचं, लोकांनी आपापले संगणक उचलून आणायचे आणि जाणत्यांनी ते बसवून द्यायचे, असा रिवाज पडला. मुक्त सॉफ्टवेअरचा समुदाय म्हणतात तो हाच. सभासदत्वाचा अर्ज नाही. ज्याला येतं त्याने न येणाऱ्याला दाखवायचं.

२००१ मध्ये चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद सुरू केली. २००५ पासून ती ‘फॉस डॉट इन’ झाली. आणि तिथे त्यांनी आपल्याच लोकांना अवघड वाटेल असा आग्रह धरला. भारतात लिनक्स वापरणारे भरपूर, पण त्यात भर घालणारे किती? नंतरच्या वर्षांत परिषदेचा भर भाषणांवरून प्रत्यक्ष कामावर गेला. एकत्र बसून संहिता लिहायची, चुका दुरुस्त करायच्या. नुसतं ऐकायला येणाऱ्यांना ते रुचलं नाही, वादही झाले. चिटणीस मागे हटले नाहीत. २०१२ मध्ये परिषदेचा शेवटचा मेळा झाला; कर्करोगाने ३ जून २०१३ रोजी ते गेले, वयाच्या ५१ व्या वर्षी.

त्यांचा आग्रह किती योग्य होता, हे आपल्या भाषांच्या बाबतीत लख्ख दिसतं. हिंदी-इंग्रजीपुरतं सॉफ्टवेअर करून एखादी कंपनी सहज थांबू शकते. सुरतेतल्या मराठी माणसासाठी वेगळा खर्च करण्याचं तिला व्यापारी कारण नाही. संहिता मोकळी असली की, ज्याला गरज आहे तोच कामाला लागू शकतो. इंडलिनक्स या प्रकल्पात स्वयंसेवकांनी भारतीय भाषा लिनक्सवर आणायचं काम हाती घेतलं. ‘लोहित’ फाँट रेड हॅट कंपनीने मोकळे केले, आणि त्यात देवनागरीबरोबर गुजरातीही होती. मुंबईच्या एक टाइप या गटाने ‘मुक्ता’ हा देवनागरी फाँट आणि त्याचं गुजराती भावंड ‘मुक्ता वाणी’ दोन्ही खुल्या परवान्याखाली दिले. लिंबायतच्या दुकानदाराला पाटीवर मराठी आणि गुजराती एकाच वळणात हवी असेल, तर ती एक पैसाही न देता छापता येते, आणि ते शंभर टक्के कायदेशीर असतं.

यात सगळं गोड आहे असं नाही. ज्या प्रोग्रॅमवर अर्धं जग चालतं तो कधी कधी एकदोन थकलेली माणसं सांभाळत असतात. ‘एक्सझेड’मध्ये शिरकाव झाला तो अशाच दमलेल्या सांभाळणाऱ्यावर दबाव आणून. मोठ्या कंपन्या मुक्त संहितेवर कोट्यवधी कमावतात आणि परत देताना हात आखडता घेतात. मराठी भाषांतरं मध्येच थांबतात, कारण करणाऱ्याला नोकरी लागते, लग्न होतं, वेळ उरत नाही. मग मेनूत अर्धी मराठी आणि अर्धी इंग्रजी दिसते, आणि आपण वैतागून फोन इंग्रजीत ठेवतो.

तिथेच वाचकाला एक सांगणं आहे. फायरफॉक्स, लिब्रेऑफिससारख्या प्रोग्रॅमचं मराठी रूप घडवायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, चांगली मराठी लागते. सुरत महानगरपालिका आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. तिथल्या मराठीच्या शिक्षकाला ‘फाइल जतन करा’ हे वाक्य कुठल्याही अभियंत्याइतकंच, कदाचित त्याहून चांगलं लिहिता येईल. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मराठीत आणि गुजरातीतही विनामूल्य मिळतात. सुरुवात तिथून करा. फोनची भाषा मराठी करा. खटकणारा शब्द दिसला तर त्याचा फोटो काढून गटात हसण्यावारी नेऊ नका. त्या प्रकल्पाला कळवा, जमलं तर स्वतः दुरुस्त करा. तुमची दुरुस्ती स्वीकारली गेली, की पुढच्या आवृत्तीपासून ती सुरतेतल्या, साताऱ्यातल्या आणि सिडनीतल्या प्रत्येक मराठी माणसाला मिळेल.