धनाढ्य शेजाऱ्याच्या छायेतील प्रशिक्षक

कॅनडात ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन धावायचे अथवा तो सहकाऱ्याकडे फेकायचा आणि तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, असे त्याचे स्वरूप आहे. अमेरिकेत याच कामासाठी चार प्रयत्न मिळतात. पण दोन्ही देशांतील खरा फरक पैशाचा आहे. अमेरिकी संघांचे वेतन कितीतरी पटींनी अधिक असल्याने कॅनडात चमकलेला खेळाडू बहुधा दक्षिणेची वाट धरतो. मागे उरलेल्यांतून, आणि त्यातही ठरावीक संख्येने कॅनेडियन खेळाडू घेण्याचे बंधन पाळून, प्रशिक्षकाला संघ उभा करावा लागतो. वॉली बुओनो यांच्या २८२ साखळी विजयांचा विक्रम या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

इटलीत १९५० साली जन्मलेले बुओनो लहानपणीच कुटुंबासह माँट्रियलला आले. वडील लवकर वारले आणि बालपणाचा काही काळ मुलांच्या संस्थेत गेला. पुढे माँट्रियलच्याच संघातून ते सुमारे दहा वर्षे खेळले आणि १९९० मध्ये कॅल्गरीचे मुख्य प्रशिक्षक झाले.

तेथील त्यांचा इतिहास म्हणजे क्वार्टरबॅक, म्हणजेच आक्रमणाचा सूत्रधार, घडविण्याचा आणि गमावण्याचा इतिहास होय. डग फ्लूटीच्या साथीने १९९२ चा ग्रे कप मिळाला. पुढे फ्लूटी संघ सोडून गेला. त्याची जागा घेणारा जेफ गार्सिया १९९८ चा कप जिंकून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्याच्यामागून आलेला डेव्ह डिकन्सन सॅन डिएगोला गेला. थोर खेळाडू लाभले म्हणून प्रशिक्षक थोर ठरला, असा आक्षेप येथे कोणी घेईल. त्याला २००१ सालाने उत्तर दिले. त्या वर्षी १८ साखळी सामन्यांपैकी अवघे ८ जिंकलेल्या कॅल्गरीने, मार्कस क्रँडेल या फारशा गाजावाजा नसलेल्या क्वार्टरबॅकच्या हाती सूत्रे देऊन, १४ सामने जिंकलेल्या विनिपेगला अंतिम सामन्यात २७–१९ असे हरविले.

असे असूनही २००२ च्या हंगामानंतर बुओनो यांनी कॅल्गरी सोडले. संघमालकाचा मुलगा त्याच संघात क्वार्टरबॅक होता आणि त्याला खेळविण्यावरून मतभेद झाले, असे वृत्तपत्रांतून आले होते. (खासगी शिक्षणसंस्थांशी परिचय असलेल्या वाचकास हे प्रकरण फारसे परके वाटू नये.) बुओनो व्हँकुव्हरच्या संघाकडे गेले. डिकन्सनही अमेरिकेतून परतून तेथेच दाखल झाला आणि २००६ चा कप त्या संघाने जिंकला. २०११ मध्ये पहिले पाचही सामने हरल्यावर प्रशिक्षक बदलावा अशी हाकाटी होणे स्वाभाविकच होते. तो बदलला गेला नाही, आणि नोव्हेंबरात याच संघाने स्वतःच्या मैदानावर ग्रे कप उचलला.

त्यानंतर ते प्रशिक्षकपदावरून दूर झाले. २०१६ मध्ये पुन्हा परतले. २०१८ च्या नोव्हेंबरात हॅमिल्टनकडून ४८–८ असा पराभव झाला. तो त्यांचा शेवटचा सामना होता.