डेल स्क्वेअरच का?

मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर मी आधी घाबरलेच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सच्या ओरलला एक्स्टर्नलनी वेव्ह इक्वेशन लिहायला सांगितलं. लिहिलं. मग हीट इक्वेशन. तेही लिहिलं. मग विचारलं, "दोन्हीकडे डेल स्क्वेअरच का? दुसरा ऑपरेटर का नाही?" मी म्हटलं, "सर, डेरिव्हेशनमध्ये तोच येतो." ते हसले आणि पुढचा रोल नंबर बोलावला. एम-थ्रीला मला चांगले मार्क होते, म्हणून हे जास्तच लागलं.

उत्तर नंतर लायब्ररीत सापडलं. रिकाम्या जागेत कुठलाही बिंदू खास नाही, कुठलीही दिशा खास नाही. बिंदू खास नाही म्हणजे ऑपरेटरचे कोएफिशियंट कॉन्स्टंट हवेत. दिशा खास नाही म्हणजे फंक्शन आधी फिरवून ऑपरेटर लावा, किंवा आधी लावून मग फिरवा, उत्तर तेच यायला हवं. अशा ऑपरेटरला इनव्हेरियंट म्हणतात.

आता एक्स, वाय, झेडच्या डेरिव्हेटिव्हना a, b, c म्हणू. ऑपरेटर म्हणजे या तिघांचं पॉलिनॉमियल झालं, आणि अक्ष कसेही फिरवले तरी ते बदलता कामा नये. मग ते फक्त a²+b²+c² वरच अवलंबून राहू शकतं! पहिल्या डिग्रीचं काही घेतलं तर ते एका दिशेकडे बोट दाखवतं, म्हणून बाद. दुसऱ्या डिग्रीत उरतो एकटा लॅप्लेशियन. तिसरीत काही नाही. चौथीत त्याचाच वर्ग, जो मेकॅनिकलवाल्यांना प्लेटच्या बेंडिंगमध्ये भेटतो. म्हणजे निवडायला दुसरं काही नव्हतंच!

खरी गंमत पुढे आहे. लॅप्लेशियनला फिरवण्याने फरक पडत नाही, म्हणून त्याचं सोल्यूशन फिरवलं तरी सोल्यूशनच राहतं. अशी सोल्यूशन्स कुटुंबाने राहतात. फिरवल्यावर घरातल्या घरात मिसळतात. ग्रुपने व्हेक्टर स्पेसवर असं काम करणं म्हणजेच रिप्रेझेंटेशन. (हा शब्द मी आधी पुस्तकात तीनदा वाचून सोडून दिला होता.)

दुसऱ्या डिग्रीचं घर मोजून बघा. x², y², z², xy, yz, zx असे सहा सदस्य. लॅप्लेशियन शून्य हवा ही एक अट, म्हणजे पहिल्या तिघांच्या कोएफिशियंटची बेरीज शून्य. उरले पाच. तसंच शून्य, एक, दोन, तीन डिग्रीला 1, 3, 5, 7. ओळखीचे वाटतात? अकरावीच्या केमिस्ट्रीतले एस, पी, डी, एफ! प्रत्येकात दोन इलेक्ट्रॉन, म्हणून 2, 6, 10, 14. आम्ही ते पाढ्यासारखं पाठ केलं होतं. न्यूक्लियसचं आकर्षण फक्त अंतरावर अवलंबून असतं, दिशेवर नाही, एवढ्यावरून हे आकडे निघतात हे कोणी सांगितलंच नाही.

क्रिस्टलमध्ये मात्र सगळ्या दिशा सारख्या नसतात. 1929 मध्ये हान्स बेथने दाखवलं की क्यूबसारख्या शेजारात डीचं पाच जणांचं घर फुटतं: xy, yz, zx हे तिघे एकत्र राहतात, उरलेले दोघे वेगळे. लॅबमधल्या मोरचुदाचा निळा रंग डीच्या घरातल्या अशाच फुटीमुळे. तापवून पाणी उडवलं की कॉपरचे शेजारी बदलतात, आणि निळा रंग जातो.